आदेशच नसलेली शाळाबंदी: कोकणातल्या एका वाडीचं प्रकरण

हे प्रकरण जून 2023 ते जून 2025 या काळातलं आहे. वाडीचं, गावाचं, तालुक्याचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण सगळे अजून एकमेकांच्या शेजारीच राहतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत 31 वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची सहा केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या केंद्रावर देखरेख करणारा. त्यामुळे शिक्षण विभागाच्या कार्यालयाची भाषा मला कळते. तीच भाषा मीही एके काळी वापरली आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

वाडी खाडीपासून आत, सह्याद्रीच्या बरीच अलीकडे. चाळीसेक घरं, त्यातल्या निम्म्या घरांची कुलपं गणपतीला आणि शिमग्यालाच निघतात. राहिलेल्यांची भातशेती, थोडे काजू, दोन-चार घरी दुभती जनावरं. वाडी आणि मुख्य गाव यांच्यामध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढा आहे, त्यावर लोखंडी साकव, म्हणजे पायपूल. वाडीची शाळा 2001 च्या सुमारास वस्तीशाळा म्हणून सुरू झाली, पुढे तिला रीतसर प्राथमिक शाळेचा दर्जा मिळाला. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, एक किचन शेड. मुख्य गावात पहिली ते सातवीची जुनी शाळा आहे.

जून 2023 मध्ये वाडीच्या शाळेचा पट 9 होता. शिक्षकांची पदं दोन, भरलेलं एक. त्या उन्हाळ्यात आंतरजिल्हा बदल्यांमध्ये कोकणातले शेकडो शिक्षक आपापल्या जिल्ह्यांत गेले. आमच्या वाडीचे गुरुजीही मराठवाड्यात गेले. त्यांना दोष देता येत नाही, बारा वर्षं ते घरापासून लांब होते. शाळा शून्यशिक्षकी झाली. कार्यालयाने मुख्य गावच्या शाळेतल्या एका बाईंना आठवड्यातून तीन दिवस कामगिरीवर पाठवलं आणि वाडीच्या शाळेचा प्रभारी कार्यभार त्याच गावच्या मुख्याध्यापकांकडे दिला. शाळेची किल्लीही त्यांच्याकडेच गेली. तेव्हा या किल्लीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

अडचण कुठे सुरू झाली

21 सप्टेंबर 2023 ला शिक्षण आयुक्तालयाने समूह शाळांचे प्रस्ताव मागवणारं पत्र काढलं. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ इथल्या समूह शाळांच्या धर्तीवर कमी पटाच्या शाळा एकत्र आणायच्या, असा त्याचा रोख होता. वाडीत ही बातमी व्हॉट्सअॅपवरून पोचली तेव्हा तिचं रूप एवढंच उरलं होतं: ‘वीसच्या खालची शाळा बंद.’ घाबरायला कारणही होतं. डिसेंबर 2017 मध्ये दहाच्या खाली पट असलेल्या 1,314 शाळा बंद करून मुलांचं समायोजन करायचा, म्हणजे त्यांना दुसऱ्या शाळांत सामावून घ्यायचा निर्णय झाला होता, तो लोकांच्या लक्षात होता.

घाबरून जे केलं ते पुढे फार महागात पडलं. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी 30 सप्टेंबरच्या आत आपल्या विरारच्या पुतण्यांची दोन नावं पटावर चढवली. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याची मंजुरी, 30 सप्टेंबरच्या पटावर होते, एवढं त्यांना ठाऊक होतं. आधार जुळवताना तीच मुलं विरारच्या शाळेत दिसणार, हे ठाऊक नव्हतं. केंद्रावर नावं पकडली गेली. तिथून पुढे प्रत्येक बैठकीत आम्ही तोंड उघडलं की समोरून एकच उत्तर यायचं, “तुमचा पटच खोटा.”

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडलीच नाही. कामगिरीवरच्या बाईंना गावच्या शाळेतच थांबायला सांगितलं गेलं. पालकांना निरोप आला, तोही फोनवर: मुलांना मोठ्या शाळेत बसवा, तिथे खेळायला सोबती मिळतील. कागद कोणाच्याच हातात नव्हता.

मला पहिला फोन आला तो पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचा. “गुरुजी, तांदूळ शिल्लक आहे, पोरं आहेत, न्‍ शाळेला कुलूप. ह्या तांदळाचा हिशोब मी कुनाला देऊ?” प्रकरणातला पहिला नेमका प्रश्न त्यांनीच विचारला. त्या वेळी मला तो फक्त तांदळाचा वाटला.

समोर असलेले मार्ग

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी शाळेच्या ओट्यावर बसून आम्ही चर्चा केली. हजर माणसं सतरा, त्यातल्या अकरा बायका. चार मार्ग निघाले.

पहिला वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाने सुचवला. समायोजन मान्य करा, आम्ही वर्गणी काढून मुलांसाठी रिक्षा लावून देतो. फोनवरचे पदाधिकारी वैतागलेले होते. आमची मुलं इंग्लिश मीडियमला शिकतात, तुम्ही कशाला त्या दोन खोल्यांना चिकटून बसलाय, असं त्यांचं म्हणणं. सूचना वाईट नव्हती. पण साकवावरून रिक्षा जात नाही आणि रस्त्याने वळसा पडतो. शिवाय वर्गणी दोन वर्षं टिकते, हा अनुभव वाडीतल्या नळपाणी योजनेने सगळ्यांना दिलेला होता.

दुसरा मार्ग आंदोलनाचा. तरुण मुलांच्या मोबाइलवर इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीचे व्हिडिओ होते. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथल्या मुलांनी बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर मोर्चा नेला होता, ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ म्हणत. आपणही मुलांना घेऊन जाऊ, असं पोरांना वाटत होतं. माझा विरोध मोर्चाला नव्हता. नऊ मुलं आणि खोट्या पटाचा डाग एवढ्या भांडवलावर कॅमेऱ्यासमोर उभं राहायला मी नको म्हणत होतो. पहिल्याच पत्रकाराने पट विचारला असता.

तिसरा मार्ग कोर्टाचा. तो कोणी फार वेळ बोललंच नाही.

चौथा, आधी कागद मिळवायचा. शाळा बंद झाली म्हणतात, तर ती कोणत्या आदेशाने? हा मार्ग सगळ्यांत कंटाळवाणा होता आणि तरुणांनी तोंडं वाकडी केली. पण खर्च वीस रुपयांच्या आत होता, म्हणून मान्य झाला. लोकांनी तो तत्त्वासाठी स्वीकारला असं लिहिलं तर खोटं होईल.

पहिला निर्णय: पोरं पाठवा, दाखले काढू नका

कागद यायला महिना जाणार. तोवर मुलं घरी ठेवायची, की गावच्या शाळेत पाठवायची? घरी ठेवली तर अभ्यास बुडतो, आणि ‘पालकच उदासीन आहेत’ असा शेरा बसतो. पाठवली तर शाळा आपोआप हलते.

मी सांगितलं, मुलं पाठवा, पण दाखला काढायचा अर्ज कोणीही करायचा नाही. दाखला निघाला की नाव वाडीच्या पटावरून जातं आणि सरकारी पोर्टलवर दुसऱ्या शाळेत चढतं. मग कागदावर वाडीच्या शाळेचा पट शून्य होतो, आणि शून्य पटाची शाळा बंद करायला कोणाची सही लागत नाही. डिसेंबरात पऱ्यात पाणी गुडघ्याखाली असतं, त्यामुळे तात्पुरतं जाणं शक्य होतं.

गावच्या मुख्याध्यापकांनी तीनदा निरोप पाठवला: नावं लावून घ्या, नाहीतर पोषण आहार कसा द्यायचा, पुस्तकं कशी द्यायची. त्यांची अडचण खरी होती. त्यांचा स्वार्थही खरा होता. त्यांच्या शाळेचा पट 17 होता. वाडीची नऊ मुलं आली की 26 होतात, वीसची रेघ ओलांडली जाते. हे गणित मला कागदावर मांडून दाखवलं ते त्यांच्याच एका सहकारी बाईंनी, आवाज खाली करून. तोवर आम्ही भांडण कार्यालयाशी आहे असं धरून चाललो होतो. पलीकडच्या तीरावरची शाळासुद्धा बुडायच्या बेतात होती आणि आमची मुलं हीच तिची फळी होती.

नऊपैकी आठ दाखले थांबले. एका आईने काढला. तिची मुलगी पाचवीत होती आणि जूनमध्ये तिला तशीही गावात जायचंच होतं. तिला कोणी बोल लावला नाही, हे वाडीचं शहाणपण.

कागद आला

अर्ज दोन ओळींचा होता: अमुक शाळा बंद करण्याच्या अथवा समायोजनाच्या आदेशाची प्रत मिळावी. माहिती अधिकाराची तीस दिवसांची मुदत संपता संपता, जानेवारीत उत्तर आलं. सदर शाळा बंद करण्याबाबत कोणताही आदेश या कार्यालयाने निर्गमित केलेला नाही.

वाडीत आधी निराशा पसरली. “म्हंजे काहीच नाय मिळालं?” मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आदेश नाही म्हणजे शाळा सुरू आहे. शाळा सुरू आहे म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यायचे आहेत. कायद्याच्या कलम 21 खालची व्यवस्थापन समिती जिवंत आहे आणि तिचा ठराव चालतो. तांदळाचा हिशोबही सुरूच आहे! आहारवाल्या ताईंचा नोव्हेंबरातला प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात शिरला. मागणी बदलली. ‘शाळा बंद करू नका’ हे वाक्य आम्ही सोडलं आणि ‘सुरू असलेल्या शाळेला शिक्षक द्या’ हे धरलं.

ग्रामसभेत हार

26 जानेवारी 2024 च्या ग्रामसभेत आम्ही ठराव आणला आणि सपशेल आपटलो. मुख्य गावाची माणसं जास्त. त्यांच्यातल्या एकाने उघड विचारलं, तुमची नऊ पोरं तिकडे बसवून आमच्या सतरा पोरांचा मास्तर का घालवायचा? सरपंच वाडीशी बरे होते, पण मतदार मोजता येत होते. विषय ‘पुढील सभेत’ गेला.

आम्ही ग्रामसभेत जाण्याआधी गावात एकदाही बसलो नव्हतो. जो ठराव मंजूर होणारच नाही तो मांडायला गेलो आणि गावाचा विरोध स्वतःच्या हाताने इतिवृत्तात नोंदवून घेतला. ही चूक पूर्णपणे माझी. कागदाच्या नादात माणसं राहिली.

टेप आणि दुधाची कार्डं

कार्यालयाचा मुख्य मुद्दा अंतराचा होता. त्यांच्या नोंदीत दोन शाळांमधलं अंतर 0.8 किलोमीटर. 2011 च्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. म्हणजे आकडा बसत होता. पण अंतर शाळेपासून शाळेपर्यंत मोजलेलं. मूल काही शाळेत झोपत नाही.

फेब्रुवारीत गवंड्याकडून तीस मीटरचा टेप आणला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आहारवाल्या ताईंचा मुलगा, प्रत्येक टेपला चुन्याची रेघ. वाडीच्या शेवटच्या घराच्या पायरीपासून, गोठ्याच्या मागून, काजूच्या बागेतून उतरत, साकवावरून, मग गावच्या चढणीने शाळेच्या फाटकापर्यंत. 47 टेप भरले. 1,410 मीटर. सोबत दुसरीतली एक मुलगी दप्तर घेऊन तिच्या चालीने चालली. मध्ये एकदा चपलेचा अंगठा निघाला, एकदा बोरं वेचायला थांबली. 38 मिनिटं लागली. बोरांची मिनिटं वजा करा, असं कार्यालयात कोणीतरी म्हणालं. मी म्हटलं, साहेब, सहा-सात वर्षांच्या पोरीतून बोरं वजा होत नाहीत. डांबरी रस्त्याने हेच अंतर 3.9 किलोमीटर भरलं, तेवढं मात्र मोटरसायकलच्या काट्यावर मोजलं. पंचनाम्यावर ग्रामसेवकाने सही केली. पोलीस पाटील मुख्य गावचे, त्यांनी आधी टाळलं आणि आठ दिवसांनी स्वतःहून येऊन केली.

पण खरा मुद्दा पावसाचा होता. साकव पाण्याखाली जातो हे सगळे सांगत होते, पुरावा कोणाकडे नव्हता. फेब्रुवारीत पूर दाखवायचा कसा? तो मिळाला एका शेतकऱ्याच्या खिशात. ते रोज सकाळी साकव ओलांडून गावच्या डेअरीवर दूध घालतात. डेअरीचं कार्ड असतं, तारीख, लिटर, फॅट. जुलै-ऑगस्ट 2023 च्या कार्डांवर 13 दिवस कोरे होते. त्या दिवशी पऱ्या भरलेला, दूध घरीच राहिलं.

“गाय आटली असेल,” असं एक अधिकारी म्हणाले. रास्त शंका. म्हणून शेजारच्या घरचं कार्ड शोधलं. ते चुलीवरच्या फळीत धुराने काळवंडलेलं सापडलं. त्यावरही तेच 13 दिवस कोरे होते. दोन गोठ्यांतल्या गाई एकाच तारखांना आटत नाहीत. फाइलमधली एवढीच गोष्ट अशी होती की जिच्यावर समोरून कोणी काही बोललं नाही. पूर, दरड, रस्ता नसणं अशा ठिकाणी मुलाला धोका टाळता येईल इतकी शाळेची हद्द जवळ घ्यावी, असं केंद्राच्या 2010 च्या नियमांत आहे. तो नियम त्या कार्डांच्या झेरॉक्ससोबत जोडला.

अधिकाऱ्यांची बाजू सांगायलाच हवी. राज्याच्या त्याच नियमात शाळा स्थापन करताना किमान वीस मुलं उपलब्ध असावीत असं म्हटलंय, आणि ते ती ओळ दाखवत होते. आमचं म्हणणं, ती ओळ नवी शाळा काढण्यासाठी आहे, असलेली मोडण्यासाठी नाही. यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. गटशिक्षणाधिकारी मॅडमकडे तर देण्यासारखे शिक्षकच नव्हते. तालुक्यात असंख्य पदं रिकामी असताना नऊ मुलांसाठी माणूस कुठून आणू, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. शिक्षणाधिकाऱ्यांकडे फाइल दिली, प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि राज्य बालहक्क आयोगाला.

शिमग्यातली तडजोड

मार्चअखेर शिमगा. पालखी वाडीत आली, मुंबईकर आले, आणि सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, गावकऱ्यांची बैठक बसली. तिथे जी तडजोड झाली तिच्याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही.

वाडीने पाचवीचा वर्ग सोडला. वाडीची शाळा चौथीपर्यंतच ठेवू, पाचवीपासून प्रत्येक मूल गावच्याच शाळेत पाठवू, तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला नाही. बदल्यात गावाने वाडीच्या शाळेला विरोध मागे घेतला. गावच्या शाळेला वीसची रेघ दिसू लागली. पण वाडीचा पट नऊवरून सातवर आला. तोच पट जपण्यासाठी आम्ही सहा महिने झटत होतो. वाडीतल्या दोन आया त्या बैठकीतून उठून गेल्या. पुरुषांनी पालखीसमोर शब्द दिला, आम्हाला कोणी विचारलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं. व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असतात, सहाणेवर नसतात.

पट पुन्हा वर आला तो अनपेक्षित दिशेने. वाडीच्या वरच्या अंगाला आंबा-काजूच्या बागा आहेत, तिथे बारमाही राखणीला नेपाळी कुटुंबं राहतात. त्यांची तीन मुलं शाळेत जात नव्हती. इतकी वर्षं ती आम्हाला दिसली नव्हती, मीसुद्धा केंद्रप्रमुख असताना त्या बागेच्या दगडी गडग्याजवळून शंभरदा गेलो असेन. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, तरी प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. जूनमध्ये त्यांची नावं हजेरीवर आली. मात्र आधार नसल्याने संचमान्यतेत ती मोजली गेली नाहीत. वर्गात दहा मुलं, संगणकात सात.

निकाल

15 जून 2024 ला शाळा उघडली. कामगिरीवरच्या बाई पुन्हा तीन दिवस येऊ लागल्या. उरलेल्या दिवशी समितीने सुचवलेली बारावी झालेली एक मुलगी मुलांना बसवायची, फुकट. 5 सप्टेंबर 2024 च्या शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांसाठी महिना 15,000 रुपये मानधनावर कंत्राटी शिक्षकाची सोय झाली. शिक्षक संघटनांचा त्या निर्णयाला विरोध होता, मीही तत्त्वतः त्यांच्याच बाजूचा. पण त्याच वाटेने नोव्हेंबरात पलीकडच्या गावची एक डी.एड. झालेली तरुणी वाडीत आली आणि वर्षात पहिल्यांदा शाळा सहाही दिवस भरली. सत्र संपलं तसा तिचा करार संपला. जून 2025 मध्ये एक नियमित शिक्षक मिळाले.

साकव तेवढाच खाली आहे. बालहक्क आयोगाकडून पोच आली, पुढे काही नाही. गावच्या मुख्याध्यापकांशी माझं बोलणं अजून नीट सुरू झालेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

गुरुजींची बदली जूनमध्ये झाली, आम्ही हललो डिसेंबरात. शिक्षक गेल्या दिवशीच समितीने ठराव करून पद भरण्याची मागणी लेखी दिली असती, तर शाळेला कुलूप लागेपर्यंतची पाच महिन्यांची तोंडी वाटचाल कागदावर आली असती. तोंडी निरोप आला की त्याच दिवशी ‘आपण आज फोनवर असे सांगितले, त्याबाबत लेखी आदेश मिळावा’ एवढं पत्र द्यायचं. मी नोकरीत असताना असे तोंडी निरोप दिले आहेत आणि उलट पत्र एकदाही आलं नाही. आलं असतं तर मी नक्की थबकलो असतो.

विरारच्या दोन नावांबद्दल समितीने लेखी चूक कबूल करून ती काढली, पण ते फेब्रुवारीत, सांगावं लागल्यावर. पकडले जाण्याआधी काढली असती तर दुधाच्या कार्डांची इतकी गरजही पडली नसती. आणि बागेतली तीन मुलं आधी दिसली असती तर ती खोटी नावं लिहावीशीच वाटली नसती.

शिमग्याची तडजोड करावी लागली असती असं मला आजही वाटतं, पण ती समितीच्या बैठकीत, आयांच्या समोर व्हायला हवी होती. उठून गेलेल्या दोघींपैकी एक आता समितीची अध्यक्ष आहे. तिने पहिल्या बैठकीत पहिला ठराव घेतला तो किल्लीचा: एक किल्ली शिक्षकांकडे, दुसरी आहार शिजवणाऱ्या ताईंकडे, आणि तशी नोंद इतिवृत्तात.

यंदा अंगणवाडीतून पहिलीला येणारी दोन मुलं आहेत.